गोंडोल्याला दोन पानं

उन्हाळ्याचं कौतुक करणारी माणसं मला आवडत नाहीत. मोगरा, वाळा, कैरीचं पन्हं हे सगळं ज्यांच्या नळाला पाणी येतं त्यांचं. आमच्या भाईंदरात उन्हाळा हॉर्न वाजवत येतो. चैत्र लागला की एखाद्या दुपारी सोसायटीच्या फाटकाशी टँकर उभा राहतो, ड्रायव्हर हॉर्नवरचा हात काढत नाही, आणि वॉचमन, सेक्रेटरी, दुसऱ्या मजल्यावरच्या शहाबेन असे सगळे एकमेकांवर खेकसत खाली धावतात. परवा यंदाचा पहिला टँकर आला. आता पाइप थेट टाकीत सोडतात, बादल्या घेऊन कोणी पळत नाही. तरी तो हॉर्न ऐकला आणि माझं डोकं फिरलं ते संध्याकाळपर्यंत ठिकाणावर आलं नाही. नवऱ्याने विचारलं, "काय झालं?" मी म्हटलं, "सर आठवले." तो लगेच पेपरात डोकं घालून बसला. इतक्या वर्षांत त्याला कळलंय की या विषयावर माझ्याशी बोलण्यात अर्थ नाही.

सर आता नाहीत. गेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये म्हणतात. मी बोलते. जिवंत होते तेव्हा तोंडावर पुरेसं बोलता आलं नाही, ती थकबाकी आहे.

नव्वद सालच्या आगेमागेचा उन्हाळा. गिरगावातली खोली सोडून आम्ही भाईंदर पश्चिमेला नव्या बिल्डिंगमध्ये राहायला आलो होतो. नवरा बँकेत, मी रिकामी. स्वयंपाकघराच्या खिडकीतून मिठागरं दिसायची, आणि त्या मोसमात मीठ तयार होत असल्यामुळे सगळीकडे पांढऱ्या राशी. लोक येऊन म्हणायचे, वा, काय दृश्य आहे. दुपारी दोन वाजता त्या खिडकीशी उभं राहून पोळ्या लाटून बघा म्हणावं. डोळे चुरचुरायचे, ओठांना खारट चव यायची, वाळत घातलेली साडी ताठ होऊन परत यायची. दूधवाल्याशी हिंदी, वाण्याशी मोडकी गुजराती, आणि मराठी बोलायला कोण, तर भिंत. अशा वेळी मागच्या बिल्डिंगमधल्या एका निवृत्त प्राध्यापकांना मदतनीस हवी आहे असं कळलं आणि मी गेले. तेच आमचे सर. भूगोलाचे प्राध्यापक. एका प्रकाशकाने मराठीत मोठा ज्ञानकोश काढायला घेतला होता आणि त्यातला वाहतुकीचा विभाग सरांकडे दिला होता. कचेरी म्हणजे सरांचा हॉल. पंखा एकच, तो सरांच्या डोक्यावर.

काम ऐकायला सोपं होतं. जगात माणसं आणि माल इकडून तिकडे नेण्याची जेवढी म्हणून साधनं आहेत, त्यांतल्या कशावर कोशात स्वतंत्र लेख घ्यायचा आणि कशावर नाही, हे ठरवायचं. ज्याला लेख मिळेल त्याच्याखाली लिहिणाऱ्याचं पूर्ण नाव छापलं जाणार. ज्याला मिळणार नाही त्याची 'पाहा' करायची. म्हणजे शब्द आपल्या जागी येतो, पण त्याच्यापुढे मजकूर नाही, दुसऱ्या लेखाकडे बोट दाखवलेलं. खेचर, पाहा : पशुवाहतूक. भोई, पाहा : पालखी. 'पाहा'च्या खाली कोणाचं नाव नसतं. बोट दाखवायला कशाला नाव.

त्या भोयांवरूनच माझी पहिली ठिणगी पडली. पालखीला स्वतंत्र लेख, चित्र, मेणा आणि अंबारी यांचेही वेगळे लेख. आणि खांदा देणारा भोई पालखीच्या पोटात. मी म्हटलं, सर, पालखी स्वतः चालत नाही. सर म्हणाले, "भोई हे साधन नाही, तो मजूर. मजुरीचा विभाग दुसऱ्यांकडे आहे." इतक्या शांतपणे म्हणाले की चहाचा कप माझ्या हातात होता म्हणून बरं. तेव्हा मला कोशाचा कायदा समजला. बसतो त्याची वाहतूक, उचलतो त्याची मजुरी. पुढे आयुष्यात बऱ्याच ठिकाणी तो लागू पडला, पण शिकले मी तो सरांच्या हॉलमध्ये.

त्यांच्या कसोट्या दोन. एक, विषयाबद्दल आधी कुठल्यातरी जाडजूड ग्रंथात लिहिलेलं असलं पाहिजे. दोन, विषय एका तालुक्यापुरता असता कामा नये. या दोन चाळण्यांतून काय पडलं माहीत आहे? बर्फावर कुत्र्यांनी ओढायची घसरगाडी. भाईंदरात, चैत्रात, कपाळावरचा घाम कागदावर पडत असताना आम्ही घसरगाडीवर चर्चा केली. रेनडिअर घ्यावा की नको यावर एक अख्खी सकाळ गेली. इंग्रजी कोशात होतं ना. इंग्रजी कोशात असलेलं सगळं सरांना जगाचं वाटायचं आणि नसलेलं सगळं तालुक्याचं.

मी टँकरचा लेख मागितला होता. सरांनी हसून चष्मा पुसला. "टँकर म्हणजे टाकी बसवलेला ट्रक. पाहा : मालमोटार." आणि तेवढ्यात खाली हॉर्न वाजला. सरांची बायको, आमच्या काकू, आतून ओरडल्या, "अहो, आला, आला," आणि घसरगाडी, रेनडिअर, झेपेलिनचं हवाई जहाज सगळं टेबलावर टाकून वाहतूक विभागाचे संपादक लुंगी आवरत दोन बादल्या घेऊन जिन्याने धावले. आम्ही दोघीही पिंप घेऊन मागे. रांगेत सर तळमजल्यावरच्या माणसाशी भांडले, आधी नंबर कोणाचा यावरून. वर येऊन धापा टाकत बसले आणि म्हणाले, "हं, कुठे होतो आपण? बर्फावर." मला हसू आलं नाही. मला ती बादली त्यांच्या डोक्यावर ओतावीशी वाटली, पण पाणी वाया गेलं असतं.

मघाशी 'दोघी' म्हणाले, त्यातली दुसरी कुंदा. राईची. राई म्हणजे खाडीकाठचं जुनं गाव, आमच्या बिल्डिंगपासून चालत जाण्यासारखं. भूगोल घेऊन बी. ए. झालेली, सरांच्याच एका विद्यार्थ्याने पाठवलेली. आमचं पहिल्या दिवसापासून पटलं नाही, हेही सांगून टाकते. ती मला 'मॅडम' म्हणायची, आणि ते मानाने नव्हतं. एकदा मी पाण्याबद्दल कुरकुर केली तर मान वर न करता म्हणाली, "तुमी येयाच्या आधी पुरत होतं." दुसऱ्यांदा म्हणाली, तुमचं स्वयंपाकघर जिथं आहे तिथं आमचं भात व्हायचं. आता यावर माणसाने काय बोलायचं? मी बिल्डरला पैसे दिले होते, तिच्या बापाला नाही. मला राग यायचा, आणि त्या रागाला बसायला नीट जागा सापडायची नाही म्हणून जास्त यायचा. तीही फुरंगटलेली, मीही. दिवसभर समोरासमोर बसून आम्ही पोस्टाच्या तिकिटावर मावेल इतकंच एकमेकींशी बोलायचो.

कुंदाने एकच लेख मागितला होता, 'तर'. तर म्हणजे खाडी ओलांडून माणसं पलीकडे नेणारी होडी. तिचे वडील, दामूकाका, राईच्या धक्क्यावरून पलीकडे वसईच्या बाजूला ती होडी न्यायचे. रस्ते झाले, रिक्षा आल्या, होडीत बसणारे कमी होत चालले होते. तरी काकांचा तोरा कमी झाला नव्हता. हा माणूस गरीब बिचारा वगैरे अजिबात नव्हता. बढाईखोर. मुलगी पुस्तकाचं काम करते हे समजल्यापासून धक्क्यावर रोज सांगत सुटले होते की आपली होडी मोठ्या पुस्तकात येणार, खाली पोरीचं नाव येणार. गावातली माणसं त्यांची टर उडवायची. कोणी म्हणायचं, पुस्तकात होडी बुडंल. कोणी म्हणायचं, दामू आता तिकिटाऐवजी पान फाडून देईल. काका त्यांना शिव्या घालायचे आणि आणखी मोठं काहीतरी सांगायचे. हे कुंदाने मला सांगितलं नाही. काकांनीच सांगितलं, सरांच्या दारात.

सकाळची वेळ. बेल वाजली, काकूंनी दार उघडलं आणि दोन पावलं मागे सरल्या. दारात दामूकाका, अंगात इस्त्रीचा शर्ट, आणि हातात दोरीने बांधलेल्या चिंबोऱ्यांची माळ. जिवंत. खेकड्यांच्या नांग्या हलत होत्या. सरांकडे अंडंसुद्धा चालत नसे.

"साहेबास्नी द्याव्या म्हटलं," काका म्हणाले. "पोरीचं नाव चांगलं ठसठशीत छापा. आख्ख्या राईला सांगितलंय मी."

सर पंख्याखालून उठले नाहीत. "आमच्याकडे हे चालत नाही हो," म्हणाले.

"न्हाय चालत?" काकांनी माळ थोडी वर धरून बघितली, जणू दोष तिच्यात असावा. "मंग शेजारी द्या. चांगल्या भरल्यात."

कुंदाची मान खाली. कागदावर पेन टेकलेलं, लिहीत काही नव्हती. मला काय झालं कोण जाणे, मी उठले आणि म्हटलं, काका, माझ्याकडे द्या, आमच्याकडे आवडीने खातात. त्यांनी माळ माझ्या हातात दिली, कशी धरायची ते दाखवलं, आणि मग जाता जाता कोणाकडेच न बघता म्हणाले, "सगळे सांगतात, बापूस फुकट बडबडतो. बघू द्या एकदा छापलेलं." ते गेल्यावर काकूंनी दारात उदबत्ती लावली. कुंदा त्या उदबत्तीकडे बघत बसली होती. मी तिच्याकडे न बघता चिंबोऱ्या बाल्कनीत नेऊन ठेवल्या. त्या संध्याकाळी रस्सा उत्तम झाला होता आणि मला एक घास गोड लागला नाही.

तिचा लेख मी वाचलेला आहे. दुसऱ्या कोणी वाचला की नाही देव जाणे, कारण सरांनी तो चष्मा कपाळावर ठेवून चाळला होता. भरती-ओहोटीप्रमाणे उतरायची जागा कशी बदलते, ओहोटीला चिखलात फळ्या टाकून माणसं कशी उतरवतात, वारा पडला तर काय करतात. नवरी पहिल्यांदा सासरी जाताना तिच्याकडून भाडं घ्यायचं नाही, फक्त नारळ, आणि तो नारळ खाडीला. लिखाण कोरडं होतं, चांगल्या अर्थाने कोरडं. बापाचं नाव कुठेही नाही, गावाचं एकदाच. मी त्यात एक स्वल्पविराम घातला आणि तिने माझ्याकडे असं पाहिलं की मी तो पुन्हा खोडला.

गोंडोल्याचं काम त्याच आठवड्यात माझ्याकडे आलं होतं. व्हेनिस शहरातल्या कालव्यांतली होडी. मी व्हेनिस पाहिलेलं नाही, अजूनही नाही. तीन इंग्रजी पुस्तकं समोर ठेवून मी लिहिलं की ती काळ्या रंगाची असते, एका बाजूला थोडी वाकडी बांधलेली असते, नावाडी मागे उभा राहून एकाच वल्ह्याने चालवतो. सरांनी दोन पानं मंजूर केली, चित्रासह. "छान जमलंय," म्हणाले. वाईट जमलं नव्हतं. चोरीचं सामान होतं, पण नीट लावलेलं.

मग तो शेवटचा दिवस आला. कार्डांची खोकी टेबलावर, प्रकाशकाचा माणूस दुपारी न्यायला येणार. सर वर्णानुक्रमाने वाचत होते आणि आम्ही खुणा करत होतो. 'ग' आला, गोंडोला, स्वतंत्र. पुढे 'त' आला.

"तर," सर म्हणाले. "पाहा : जलवाहतूक."

कुंदाने पेन खाली ठेवलं. "सर, मी लेख दिलाय."

"वाचला. चांगला आहे. त्यातलं एखादं वाक्य जलवाहतुकीत घालेन मी. पण स्वतंत्र लेखाचा विषय नाही तो. आधार कुठे आहे? कुठल्या ग्रंथात आहे? आणि हे नारळबिरळ लोकसाहित्यात जाईल. शिवाय अगदीच स्थानिक."

"गोंडोला एकाच गावातला आहे, सर."

"ते गाव जगाला माहीत आहे, कुंदा."

"राई आम्हाला माहीत आहे."

सर हसले. तेच हसू, चष्मा पुसतानाचं. मी मध्ये पडले. म्हटलं, गोंडोल्याचं एक पान कमी करा, तेवढ्या जागेत 'तर' बसेल. मी म्हटलं, चिखलात फळी टाकून माणूस उतरवणं हे कुठल्या ग्रंथात आहे ते शोधायला कोणी ग्रंथवाला त्या चिखलात उतरला पाहिजे ना? मी बरंच बोलले. आवाज चढला होता, काकू दारात येऊन उभ्या राहिल्या. सर ऐकून घेत होते, पेन्सिलने 'द' ची कार्डं सारखी करत. शेवटी म्हणाले, "हा जिव्हाळ्याचा प्रश्न नाही. एकाला घेतलं की प्रत्येक खाडीची होडी दारात येऊन उभी राहील." येऊ दे की. वाहतुकीचाच विभाग होता ना तो?

कुंदाने तेवढंच विचारलं, "पाहाच्या खाली नाव येत नाही ना?"

"नाही," सर म्हणाले, आणि पुढचं कार्ड उचललं. "दगडी रस्ते."

आज विचार करते तेव्हा मला त्या नकाराचा इतका राग येत नाही. जागा मोजकी असते, कोणीतरी नाही म्हणावंच लागतं, हे मलाही कळतं. राग येतो तो त्यांच्या झोपेचा. त्या माणसाला त्या रात्री शांत झोप लागली असणार. सरांनी काही ठरवलं असं सरांना वाटलंच नाही. विषयाची योग्यता विषयातच असते आणि आपण ती फक्त वाचून दाखवतो, अशी त्यांची समजूत. भाईंदरबद्दलही लोक असंच बोलायचे. कुठे राहता? भाईंदर. अच्छा, म्हणजे मुंबईच्या बाहेर. पाहा : मुंबई. असं ऐकताना आमचा जळफळाट व्हायचा, सरांचाही व्हायचा, आणि तेच सर दहा मिनिटांच्या अंतरावरच्या राईला पाहा करून मोकळे झाले.

पाच वाजता आम्ही दोघी खाली उतरलो. कुंदा फाटकाशी थांबली आणि मला म्हणाली, "चला."

"कुठे?"

"राईला. तुमीच सांगा माज्या बापसाला. तुमच्या सायबाची भाषा तुमाला येते."

नाही म्हणायला हवं होतं, पण तिचा आवाज विचारण्याचा नव्हता. उन्हं उतरली होती तरी रस्ता तापलेला. मिठागरांच्या बांधावरून ती पुढे, मी मागे. राशींवर गवत घालून शाकारणी चालली होती. कोणी तिला हाक मारली तर ती थांबली नाही. मी मनातल्या मनात वाक्यं जुळवत होते, संपादकीय मर्यादा, पुढच्या आवृत्तीत नक्की, आणि प्रत्येक वाक्य माझ्याच कानाला सरांचं वाटत होतं.

धक्क्यावर पाच-सहा माणसं बसली होती, जाळी दुरुस्त करणारे, नुसते बसलेले. काका होडीतलं पाणी उपसत होते. आम्हाला बघून एक जण मुद्दाम मोठ्याने म्हणाला, "दामू, आली बघ तुजी छापखान्यातली."

काका सरळ उभे राहिले. डबा हातातच. "काय गो, झालं का पक्कं?"

सगळी माणसं आमच्याकडे बघत होती. त्या बघण्यात मजा होती, उद्यापासून चघळायला मिळणार होतं त्याची. मी तोंड उघडलं. कुंदाचा हात मागे आला आणि माझं मनगट तिने इतकं घट्ट दाबलं की बांगडी रुतली.

"झालं," ती म्हणाली. "दोन पानं हायत. चित्र पन हाय."

"आनि नाव?"

"खाली. पूर्न."

काकांनी त्या माणसांकडे एकेक करून बघितलं, घाई न करता. मग माझ्याकडे वळले. "खरं ना, मॅडम?"

दोन पानं खरी होती. चित्र खरं होतं. खाली पूर्ण नाव होतं, तेही खरं. "हो काका," मी म्हटलं, "मी स्वतः पाहिलंय."

त्यांनी डबा होडीत टाकला. धक्क्याच्या टोकाला गेले, दोन्ही हात तोंडाशी धरले आणि पलीकडच्या काठाकडे तोंड करून हाक दिली. कधीपासून ते असंच बोलत असतील, पाण्यावरून, एकेक शब्द लांबवत. होडी पुस्तकात आली. पोरीचं नाव आलं. पलीकडे किनाऱ्यावर ठिपक्याएवढा कोणीतरी उभा होता. मग तिकडून लांबलेली आरोळी आली, शब्द कळले नाहीत, पण काकांना कळले असावेत, कारण ते हसले आणि त्यांनी पुन्हा एकदा तेच सांगितलं, आणखी मोठ्याने.

कुंदा माझ्या शेजारी उभी होती. मनगट तिने अजून सोडलं नव्हतं. डोळे कोरडे, नजर पाण्यावर.

"पुस्तक निघंल तवा," ती हळू म्हणाली, "राईत आनू नका. कोनी आनलं ना, तर मी तुमाला सोडनार न्हाय."